व्याह्यांचा बुलबुल आणि आमचा पारवा

व्याही सज्जन असला की फार पंचाईत होते. वाईट असता तर चारचौघांत बोलता आलं असतं. आमचे व्याही सुहासराव इतके हसतमुख, मदतीला तत्पर आणि वाढदिवस लक्षात ठेवणारे आहेत, की त्यांच्याबद्दल मला जे काही वाटतं ते मी फक्त बायकोला सांगू शकतो. तेही दार लावून. आणि मी सांगायला लागलो की शोभा दार उघडून निघून जाते.

गेल्या दिवाळीत आमच्या मुलीनं, मनवानं, बंगलोरहून दोन खोकी पाठवली. एक पुण्याला सासऱ्यांना, एक इकडे नगरला आम्हाला. दोन्हींत एकच वस्तू. पक्ष्यांना दाणे घालायचं छोटं लाकडी घर, त्याच्या पोटात कॅमेरा आणि डोक्यावर सौरऊर्जेची पट्टी. पक्षी दाणे टिपायला आला की कॅमेरा आपोआप फोटो काढणार, पक्षी कोणता ते ओळखणार आणि मोबाईलवर धाडणार. आपण फक्त दाणे भरायचे.

"बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही नुसत्या बातम्या बघता आणि चिडता," मनवा म्हणाली. "हे बघा आता."

मी चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढली आहेत. लोकांच्या जमिनी मोजल्या, नकाशे काढले. त्या अनुभवावरून सांगतो, खरी भांडणं समान वाटपातून होतात. दोन भावांना अगदी सारखी जमीन द्या. दुसऱ्या दिवशी आंब्याची सावली कुणाच्या वावरात पडते यावरून काठ्या निघतात. एकाच रंगाची, एकाच मापाची ती दोन खोकी बघताच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

तिसऱ्याच दिवशी घरच्या ग्रुपवर सुहासरावांचा फोटो आला. बुलबुल. नुसता बुलबुल नव्हे, त्याच्या शेंडीचा केस न् केस, डोळ्यातली चमक आणि चोचीला चिकटलेलं सूर्यफुलाचं टरफल. खाली मनवानं सहा बदाम टाकले. मी निवृत्त झालो त्या दिवशी तिनं एक अंगठा टाकला होता, तोही उताणा की पालथा ते कळायला मला चष्मा लावावा लागला होता.

सुहासरावांनी लिहिलं, "शामकांतराव, आता तुमची पाळी!"

मी त्याच संध्याकाळी ते दाणेघर गच्चीच्या कठड्यावर बसवलं. आमच्या सावेडीतल्या कॉलनीत सगळे बंगले एकमेकांना चिकटून, त्यामुळे आपल्या गच्चीवर खिळा ठोकला तरी तीन घरांतून सल्ला येतो. शेजारचे बन्सीभाऊ तर शिडी न मागता घेऊन आले. बन्सीभाऊ मूळचे राहुरीकडचे शेतकरी, एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. स्टिअरिंग सुटलं तरी रस्ता दाखवायची सवय सुटलेली नाही.

"सायेब, ह्यात काय टाकलं?" त्यांनी विचारलं.

"सूर्यफुलाच्या बिया. खोक्यावर तसं लिहिलंय."

"खोकं कुटलं हाय?"

"परदेशातलं असावं."

"मंग तिथली पाखरं खात्याल. आपल्या पाखरांना बाजरी लागती. बाजरी टाका आन मंग गंमत बघा."

मी बाजरी टाकली. शोभा म्हणाली, थोडे तांदूळही टाका, फार दिवस पडून आहेत. मी तेही टाकले. आठ दिवस एकही पाखरू फिरकलं नाही. मुंग्या आल्या. त्यांची रांग इतकी शिस्तीत होती, की आमच्या कार्यालयात मी तशी रांग कधीच लावू शकलो नाही. पण मुंग्यांचे फोटो तो कॅमेरा काढत नव्हता.

नवव्या दिवशी मी कॅमेरा चालू तरी आहे का, हे बघायला वाकून आत डोकावलो. खालून शोभाची हाक आली, "अहो, काय केलंत हे?"

मी खाली धावलो. ग्रुपवर एक फोटो आपोआप गेला होता. दोन काळी, खोल भुयारं आणि त्यांतून बाहेर आलेले पांढरे केस. खाली त्या यंत्रानं मोठ्या आनंदानं लिहिलं होतं, "तुमच्याकडे नवा पाहुणा आला आहे! पिंगळा."

माझ्या नाकाला चौसष्ट वर्षांत कुणी घुबडाच्या जातीचं म्हटलं नव्हतं. सुहासरावांनी लगेच लिहिलं, "अभिनंदन! दिवसाढवळ्या पिंगळा दिसणं भाग्याचं." आता हे त्यांनी ओळखून लिहिलं की न ओळखता, हा प्रश्न मी शोभाला दार लावून विचारला. तिनं हसता हसता दार उघडलं. मनवानं मात्र फोनवरून मला काहीतरी दाबायला लावून फोटो आपोआप जाणं बंद करून टाकलं. "बाबा, आता तुम्ही बघा, आवडला तर पाठवा."

मग एकदाचे पक्षी आले. म्हणजे पारवे आले. पारवा हा पक्षी आहे हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण फोटोच्या बाबतीत तो भिंत आहे. तो कॅमेऱ्याला छाती लावून उभा राहतो. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे त्रेचाळीस फोटो जमले आणि सगळे राखाडी. शोभाला दाखवले तर ती म्हणाली, "ढग छान आलेत."

त्यातून ते राखाडीही धड स्पष्ट नव्हते. सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं. मला आधी मोतीबिंदूची शंका आली, म्हणून मी डॉक्टरांकडे जाऊन डोळे तपासून घेतले. डोळे ठीक निघाले. मग बन्सीभाऊंनी एसटीची काच पुसायची पद्धत सांगितली. वर्तमानपत्र ओलं करून घासायचं. मी तीन दिवस रोज एक पान घासलं. मग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथल्या मुलीनं मला कॅमेरा बंद करून चालू करायला सांगितलं, मोबाईल बंद करून चालू करायला सांगितला आणि वायफाय बंद करून चालू करायला सांगितलं. पुढची पायरी मी स्वतः बंद होऊन चालू होण्याची असावी, इतक्यात शोभा हात पुसत गच्चीवर आली. तिनं भिंगावर नख लावलं आणि एक पातळ, गोल प्लास्टिकचा कागद सर्रकन ओढून काढला.

"हे काढायचं नव्हतं का?" तिनं विचारलं.

मी फोनवरच्या मुलीला म्हणालो, "लाइन तुटतेय तुमची," आणि ठेवला.

त्यानंतर धुकं गेलं, पण पक्षी काही सुधारले नाहीत. पारवे पाठ फिरवून बसायचे. चिमणी यायची ती इतक्या जवळ, की तिची फक्त एक तपकिरी रेघ उमटायची. बुलबुल तर आमच्याकडेही येत होता, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. पण तो उडून गेल्यावर यंत्राला जाग यायची आणि माझ्याकडे रिकाम्या कठड्याचा अत्यंत सुस्पष्ट फोटो जमा व्हायचा. इकडे सुहासराव रोज सकाळी सात वाजता एक पक्षी पाठवत होते. शिंपी, सूर्यपक्षी, तांबट. तांबटाच्या मिशा मोजता येत होत्या. मी दात घासायच्या आधी मोबाईल बघणं सोडून दिलं.

आणि मग डिसेंबरातल्या एका रविवारी मोबाईलवर टिंग वाजलं. "नवा पाहुणा! गायबगळा, विणीच्या हंगामातला."

फोटो उघडला. पांढरंशुभ्र, उंच, डौलदार अंग आणि वर नारिंगी डोकं. थोडा धूसर होता, पण पहिल्यांदाच पूर्ण पक्षी चौकटीत आला होता. माझा चष्मा खाली टेबलावर होता. तो आणायला जावं एवढा धीर त्या क्षणी मला नव्हता. मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि त्याच उत्साहात कॉलनीच्या ग्रुपवरही टाकला. सोबत ओळ लिहिली, "आमच्या दारी आलेला पाहुणा. निसर्गाची किमया!"

सुहासरावांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "डिसेंबरात नारिंगी डोकं? विश्वास बसत नाही! शामकांतराव, हे नोंद करण्यासारखं आहे. मोठा फोटो पाठवा."

काय सांगू, त्या दोन मिनिटांत मी जे सुख भोगलं ते मला बढतीच्या दिवशीही मिळालं नव्हतं. मी शोभाला म्हणालो सुद्धा, "आज शिरा कर."

तेवढ्यात कॉलनीच्या ग्रुपवर बन्सीभाऊंचा आवाज आला. ते लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. "सायेब, मी फोटू मोटा करून बघितला. ह्यो बगळा मोबाईलवर बोलतोय."

मी खाली जाऊन चष्मा लावला. बगळा खरोखरच मोबाईलवर बोलत होता. बगळ्याच्या मागे आमच्या समोरच्या घराची बाल्कनी होती. बाल्कनीत पांढरा गाऊन घालून, डोक्याला मेंदी थापून, उन्हात उभ्या राहून बोलत होत्या ॲडव्होकेट निवेदिता मॅडम.

तिसरा संदेश त्यांचाच होता. "श्री. मुळे, ती माझी मेंदी आहे. आपण भेटूच."

शिरा झाला होता. मला तो घशाखाली उतरेना.

निवेदिता मॅडम जिल्हा न्यायालयात वकिली करतात आणि त्या कधीच आवाज चढवत नाहीत, त्यामुळे माणसाला जास्त भीती वाटते. बुधवारी त्यांचं पत्र आलं. समोरच्या घरातून, पण रजिस्टर पोस्टानं. पत्रात "पक्षी" हा शब्द अवतरण चिन्हांत होता. सात दिवसांत कॅमेऱ्याचं तोंड असं फिरवावं की कुणाच्याही घराचा कुठलाही भाग त्यात दिसणार नाही, अन्यथा पुढील कारवाई.

मॅडमचं घर पूर्वेला, म्हणून मी कॅमेरा ईशान्येला फिरवला. तिकडे बन्सीभाऊंच्या न्हाणीची खिडकी. पश्चिमेला फिरवला, दुपारनंतर सूर्य थेट भिंगात, नुसता उजेड. उत्तरेला आमचीच पाण्याची टाकी, आणि टाकीवर पुन्हा पारवे. राहिली दक्षिण. तिकडे मोकळं सरकारी मैदान आहे. मी बन्सीभाऊंना म्हटलं, "इकडे कुणाचं घर नाही, हे बरं."

"घर न्हाई, पन सरकार हाय," ते म्हणाले. "सरकारी जाग्याकडं क्यामेरा लावून बसला तर उद्या कोन तरी पुसंल, हा म्हातारा कशाची टेहळणी करतोय? परवानगी काढा सायेब. तुमी तर सरकारीच मानूस. एका दिसात हुईल तुमचं."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मी निवृत्त झाल्यावर एकदाही कुठल्या कचेरीत गेलो नव्हतो, पण आपला शब्द अजून चालतो अशी एक समजूत मी जपून ठेवली होती. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. विषय: घराच्या गच्चीवरील पक्षी-खाद्यपात्रातील कॅमेऱ्याचे तोंड दक्षिणेस करण्याबाबत.

कचेरी कुठली ते सांगत नाही. खिडकीमागे एक शांत चेहऱ्याचा चाळिशीतला कारकून बसला होता. त्यानं अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"यात विषय दोन आहेत," तो म्हणाला. "पक्षी आणि कॅमेरा. पक्ष्यांचं आमच्याकडे नाही. वनखात्यात विचारा. कॅमेऱ्याचं पोलिसांकडे."

"मग तुमच्याकडे काय आहे?"

"दक्षिण."

"मग दक्षिणेपुरती द्या परवानगी."

"देऊ ना. पण वर जिल्ह्याचं नाव अहमदनगर लिहिलंय. आता अहिल्यानगर. दुरुस्त करून नवा अर्ज लागेल. खाडाखोड चालत नाही."

मी आयुष्यभर नुसतं नगर म्हणत आलेला माणूस. दोन्ही नावं लिहिताना हात थबकतो. तिथेच बाकावर बसून नवा अर्ज लिहिला आणि खिडकीशी नेला.

"जोडपत्रं?" त्यानं विचारलं. "पक्षी आपले आहेत का?"

"पक्षी कुणाचे असतात?"

"तसं लेखी द्या."

तेव्हा मात्र माझा संयम सुटला. मी म्हणालो, "अहो, मी स्वतः चौतीस वर्षं खिडकीच्या त्या बाजूला बसलोय. भूमी अभिलेख. शामकांत मुळे."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. उठून त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला वाटलं, चला, ओळख निघाली. तो म्हणाला, "साहेब, मी तुम्हाला आल्याबरोबर ओळखलं. वडिलांच्या शेताच्या मोजणीसाठी मी तुमच्याकडे यायचो. कॉलेजात होतो तेव्हा. अकरा वेळा आलो."

"मग? झाली ना मोजणी?"

"झाली ना. बाराव्या वेळी." त्यानं माझा अर्ज नीट घडी करून परत दिला. "तुम्ही मंगळवारी या, साहेब."

मी घरी चालत आलो. रिक्षा करायची इच्छा झाली नाही. वाटेत ती अकरा खेपा घालणारी पोरं, म्हातारे, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, सगळे आठवत राहिले. त्यांना मी कधी खुर्चीही दिली नव्हती. शोभाला मी हे सांगितलं तेव्हा तिनं दार उघडून जाण्याऐवजी चहा केला, आणि तिला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यावरून मला समजलं की तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

मंगळवारी मी गेलो नाही. त्याच दिवशी सुहासरावांचा फोन आला. "रविवारी शिर्डीला निघालोय, वाटेत तुमच्याकडे उतरू. आणि हो, तुमचं ते दाणेघर बघायचंच आहे मला." म्हणजे पाच दिवस हातात. आणि माझ्या संग्रहात ढग, कठडे आणि एक वकील.

बुधवारी मी कॅमेरा काढून हातात घेऊन मागच्या अंगणात बसलो होतो. परत खोक्यात घालावा आणि बिघडला म्हणून सांगावं, असा विचार चालला होता. मोरीच्या दगडी ओट्यावर मालनबाई भांडी घासत होत्या. मालनबाई आमच्याकडे बावीस वर्षं येतात. त्या भांडी घासतात आणि मी त्या वेळी पेपर वाचतो, असा आमचा परिचय.

"दादा, ते घरटं कामून उपटून आनलं?" त्यांनी विचारलं.

"पक्षी येत नाहीत, मालनबाई."

"न्हाई कसं? हे काय."

मी मान वर केली. ओट्याच्या टोकाला, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर, दोन साळुंक्या कुकरला चिकटलेली भाताची शितं टिपत होत्या. भिंतीवर बुलबुल होता. तुळशीच्या कुंडीत चिमण्या. मालनबाई कुकर घासत होत्या आणि मधूनच एका साळुंकीला कोपरानं सरकवत होत्या, नातवाला सरकवावं तसं.

"रोज येतात?"

"तर! बावीस वर्सं झाली. ह्यांची ही कितवी पिढी आसंल की. तुमचं तोंड पेपरात आसतं."

मी कॅमेरा ओट्यावर, साबणाच्या वाटीशेजारी ठेवला. समोर आमचीच चुन्याची भिंत. ना शेजारी, ना सरकार, ना दक्षिण. मालनबाईंनी तिसरं पातेलं ओढलं आणि माझ्या खिशात टिंग वाजलं.

काय फोटो होता तो! पातेल्याच्या काठावर साळुंकी. पिवळी चोच, डोळ्याभोवतीचा पिवळा काठ, पायाच्या नखावर पाण्याचा एक थेंब. आणि तिच्याकडे बघून हसणाऱ्या मालनबाई, कपाळावर घाम, कोपरापर्यंत साबण. सगळं इतकं स्वच्छ की हातावरचं गोंदण वाचता येत होतं. मी ओरडलो. साळुंक्या उडाल्या. शोभा पळत आली.

आता खरं सांगायला हवं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मालनबाईंना कापलं तर साळुंकी एकटी छान बसेल. मी मोबाईलवर ते कापायचं कसं ते शोधत होतो, तेवढ्यात मालनबाई हात पुसून माझ्या खांद्यावरून बघायला लागल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"माझं नाक आसं हाय व्हय?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ब्येस आलाय. दादा, ह्यो मला काडून द्या मोटा. आमच्या घरात भितीवर मालकाचा हाय. माझा एकबी न्हाई."

"देतो की."

"आधारकार्डावरला हाय, पन त्यो लावला तर नातवंडं भित्याल. म्या मेल्यावर हार कुटल्या फोटूला घालायचा, म्हनून पोरगं लई दिवस मागं लागलंय, फोटू काड, फोटू काड." हे त्यांनी घासणी आणा म्हणावं तितक्या सहज सांगितलं. शोभानं "काहीतरीच काय बोलता" म्हटलं. "पन एक करा," मालनबाई म्हणाल्या, "ते पाखरू काडून टाका त्यातलं."

"पाखरू? अहो, त्याच्यासाठीच तर हे सगळं—"

"हाराच्या फोटूत साळुंकी कुटं आसती? लोक हसत्याल. पाखरं काय, रोजचीच हायेत."

मी तिथेच बसून पाखरू कापलं. मालनबाई बोटानं दाखवत होत्या, आजून, आजून थोडं. नाकाला धक्का न लावता जेवढं जमलं तेवढं कापलं. यंत्रानं विचारलं, मूळ छायाचित्र काढून टाकायचं का? चौतीस वर्षांत मी एक कागद कधी फाडला नाही. १९६२ सालच्या मोडक्या कपाटाची यादी सुद्धा माझ्या टेबलात होती. आणि त्या दिवशी, मालनबाई बघत असताना, मी "होय" दाबलं. साळुंकी गेली. मनवाला फोन केला, तिनं तिकडून खूप खटपट केली. कुठेच सापडली नाही.

शनिवारी निवेदिता मॅडम कॅमेऱ्याची नवी जागा तपासायला आल्या. भिंत पाहिली, ओटा पाहिला, मला दिलेली नोटीस मागे घेतल्याचा कागद दिला. जाताना शोभाला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तो माझा फोटो असला तर पाठवा ना. त्या मेंदीला रंग काय सुंदर आला होता, आणि माझ्याकडे एकही नाही." शोभानं पाठवला. मला विचारलंही नाही.

रविवारी व्याही आले. विहीणबाईंनी भाकरवडी आणली होती. सुहासरावांनी गळ्यात दुर्बीण अडकवली होती. चहाच्या आधीच म्हणाले, "दाखवा, दाखवा!" मी सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं आणि फ्रेम केलेला मालनबाईंचा फोटो पुढे केला. सोमवारी त्या तो घरी नेणार होत्या. सुहासरावांनी तो उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी उजव्या कोपऱ्याशी नाक नेलं.

"ही चोच?"

"साळुंकीची. बाकीची... प्रशासकीय कारणानं कापली."

मी वाट बघत होतो की ते आता हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "शामकांतराव, मी दीड महिना गॅलरीत स्वयंपाकघराचं दार बंद करून बसतोय. हिला हाक मारायला बंदी केलीय. आणि ही बाई हसतीय आणि पक्षी पळत नाही?" विहीणबाई म्हणाल्या, "तेच सांगतेय. दीड महिना मी घरात कुजबुजते आहे."

"पाव्हनं," मालनबाई ओट्यावरून म्हणाल्या, "येऊन बसा ना हितं. भांडी घासत बसलं की येत्यात. नुसतं बघाया बसलं की न्हाई येत. त्यांना कळतं."

सुहासरावांनी दुर्बीण काढून विहीणबाईंच्या हातात दिली. इस्त्रीच्या विजारीचे पाय दुमडले. ते एकटे बसले तर मी व्याही म्हणून काय तोंड दाखवणार? मीही बसलो. मालनबाईंनी त्यांना कढई दिली, मला पातेलं दिलं, मध्ये साबणाची वाटी ठेवली आणि स्वतः शोभाशेजारी पायरीवर चहाचा कप घेऊन बसल्या. बावीस वर्षांत त्या पायरीवर पहिल्यांदाच.

आम्ही घासत राहिलो. पहिली पंधरा मिनिटं काही आलं नाही. सुहासराव हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू? तुमचा तो बगळा पाहून मला रात्री झोप लागली नव्हती. म्हटलं, यांच्याकडे बगळा येतो आणि मी चिमण्यांचे काय कौतुक करतोय."

"मी तुमचा तांबट आल्यापासून सकाळी मोबाईल बघत नाही," मी म्हणालो.

एकमेकांकडे न बघता आम्ही बराच वेळ तळ घासला. आणि मग ती आली. भिंतीवर, तिथून कुंडीवर, आणि तिथून सरळ सुहासरावांच्या कढईच्या काठावर. ओल्या काठावर तिचा एक पाय घसरला, तिनं पंख किंचित उघडून तोल सावरला आणि माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं. आम्ही दोघांनी श्वास रोखला. सुहासरावांच्या मनगटावरून साबणाचं पाणी ओघळत बाहीत चाललं होतं, पण ते हलले नाहीत. एक शीत टिपून ती उडाली, आणि ती उडाल्यावर टिंग वाजलं.

फोटो आला. त्यात पक्षी नव्हता. दोन म्हातारे होते, हात फेसात, तोंडं उघडी, आकाशाकडे बघणारे. इतका स्पष्ट, की माझ्या कानातले केस आणि सुहासरावांच्या कवळीतली फट वेगवेगळी दिसत होती. विहीणबाईंनी माझ्या हातातून मोबाईल घेतला, आधी स्वतः पोट धरून हसल्या, मग शोभाला दाखवला आणि मग तो घरच्या ग्रुपवर टाकून दिला. मनवाचे बदाम मी मोजले नाहीत. मोजण्यापलीकडे होते.

"चला," सुहासराव गुडघ्यांवर हात ठेवून उठत म्हणाले, "शिर्डीला उशीर होईल."

मालनबाईंनी कप खाली ठेवला, पुढे येऊन कढई उचलली आणि तिचा तळ उन्हाकडे धरला.

"बसा परत, पाव्हनं," त्या म्हणाल्या. "बुड तसंच काळं हाय."